पोपटी कुर्त्याचा पावसाळा

आषाढ अर्धा सरला की माझ्या दुकानातल्या कपाटांत बल्ब लागतात. सगळ्यात खालच्या फळीखाली, कपड्यांना टेकणार नाही असा एकेक लहानसा पिवळा बल्ब. मालवणात सुती कपडे विकायचे तर पावसाशी एवढी तडजोड करावीच लागते. जरा दुर्लक्ष झालं की घडीच्या कडेवर बारीक करडे ठिपके उमटतात आणि मग तो कपडा कितीही धुवा, त्याचा वास जात नाही. परवाच या वर्षीचे बल्ब लावले. भिंती पाझरायला लागल्या आहेत. किल्ल्याच्या होड्या बंद, त्यामुळे पर्यटक नाहीत, आणि गावातलं माणूस औषध नाहीतर भाजीखेरीज बाहेर पडत नाही. एरवी बाजाराच्या गजबजाटात हरवून जाणारी समुद्राची गाज आता थेट काउंटरपर्यंत ऐकू येते. अशा रिकाम्या दुपारी माझ्याकडे शिवणकाम करणारी शीला मशीनपाशी काहीतरी उसवत बसते, मी गवती चहाचा काळा चहा घेऊन दाराशी बसते आणि मला तो एक पावसाळा आठवतो.

तसा तो चार पावसाळ्यांसारखाच होता. किनाऱ्यावर होड्या माडाच्या झापांखाली झाकलेल्या, घराघरांतून सुक्या मासळीचा आणि भाजलेल्या फणसाच्या बियांचा वास, दोरीवर दिवसचे दिवस ओलेच राहणारे टॉवेल. टाकळ्याची भाजी खाऊन कंटाळलेली माणसं. तरी त्या एका पावसाळ्याचं माझ्यावर जे ऋण आहे ते दुसऱ्या कुठल्याच ऋतूचं नाही.

माझ्या बुटिकचं नाव शुभ्रा. नावाप्रमाणेच तिथला माल. मोतिया, बदामी, राखाडी, फिकट निळा, भिजवलेल्या साबुदाण्यासारखा पांढरा. शाळेतल्या बाई, बँकेतल्या मॅडम, दवाखान्यातल्या डॉक्टर अशी माझी ठरलेली गिऱ्हाइकं. ‘नयनाकडचं सोबर असतं,’ असं त्या एकमेकींना सांगत आणि ते ऐकून मला बरं वाटे. सोबर हा शब्द मला फार आवडायचा. त्यात शिक्षण होतं, घरंदाजपणा होता, कोणाच्या डोळ्यांवर न येण्याची एक सोय होती.

ही सोय मी लहानपणीच शिकले. मी वर्णाने काळी. आई केसांना तेल लावता लावता म्हणायची, “काळ्या आंगाक फिकाच बरा दिसता गो.” त्यात टोचून बोलणं नव्हतं. मुलीच्या जातीला जे सांभाळून राहायला शिकवायचं असतं, त्यातलंच ते एक. ऊन टाळावं, मोठ्याने हसू नये, भडक घालू नये. मी तिचं ऐकलं आणि ऐकता ऐकता ती माझी आवड झाली. पुढे दुकान काढलं तेव्हा तीच आवड फळ्यांवर घडी घालून ठेवली.

त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी राजश्री दुकानात शिरली. कोल्हापूरची. घरच्यांबरोबर मालवण बघायला आली होती आणि बाकीचे जेवायला बसले असताना ही बाजारात फिरत होती. अंगावर जांभळा कुर्ता, त्यावर हळदीच्या रंगाची मोठाली पानं, आणि बाह्यांना शेंदरी कड. ती आली तेव्हा दुकानात कोणीतरी ढोल वाजवत आल्यासारखं मला वाटलं.

“ताई, दुकान झकास आहे,” ती म्हणाली. “पण सगळं आजारी माणसाच्या पथ्यासारखं का ओ?”

मला राग आला होता, पण ती इतकी मनमोकळी हसली की राग दाखवायला जागा मिळाली नाही. तिचं स्वतःचं लेबल होतं. नाव ‘लालपोपटी’. घराच्या मागच्या खोलीत आसपासच्या बायकांना घेऊन ती कुर्ते शिवायची. सगळे असेच. मोबाइलवर तिने मला फोटो दाखवले. मी ते पुढे सरकवत गेले. गुलाबी, पोपटी, केशरी, मोरपिशी, आणि एकेका कुर्त्यावर यांतले तीन तीन रंग.

“थोडे पाठवते. ठेवून तर बघा. नाही गेले तर परत करा.”

“बघू,” मी म्हटलं.

मालवणात ‘बघू’ म्हणजे नको. कोल्हापुरात त्याचा अर्थ हो असा होतो, हे मला ऐन आषाढात कळलं. एका सकाळी पार्सलवाल्याने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला भलामोठा गठ्ठा दारात आणून टाकला. बाहेर धो धो पाऊस, आत दिवसासुद्धा अंधार, आणि शीलाने कात्रीने सुतळी कापली तशी त्या अंधारात एक पोपटी बाही बाहेर आली. मग गुलाबी. मग झेंडूचा पिवळा.

शीला माझ्याकडे बरीच वर्षं शिवणकाम करते. तोंडाने फटकळ, हाताने नीटस. तिने तो ढीग बघितला आणि म्हणाली, “वयनी, ह्ये कपाटात ठेवलात तर बल्ब लावची गरज नाय.”

मी हसले नाही. सगळं होतं तसं परत बांधायला सांगितलं. कपडा मात्र मी बोटांत धरून बघितला होता. व्यवसायाची खोडच ती. मलमलीसारखं मऊ सूत, आतून शिवण गुंडाळून घेतलेली, बटणं लाकडी, काजं हाताने केलेली. काम चांगलं होतं. रंगांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. माझ्या दुकानात हे टांगायचं म्हणजे इतकी वर्षं जे सांगत आले ते सगळं पुसून टाकायचं, असं मला वाटलं.

परत पाठवणार तर घाटात दरड कोसळली. गाड्या बंद, पार्सलं बंद. तो गठ्ठा ट्रायल रूमच्या बाजूला कोपऱ्यात पडून राहिला. सुतळी सैल बांधली गेली होती. मधूनच एखादी बाही बाहेर यायची, शीला ती आत खोचायची.

वासंती बाई त्याच आठवड्यात आल्या.

त्या मिठबावच्या शाळेत शिकवायच्या. मुलांना पहिली-दुसरीत हातात खडू धरायला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. बहीण मालवणात दिलेली, त्यामुळे जून लागताना आणि दिवाळीच्या आधी त्यांची एक फेरी ठरलेली असायची. माझ्याकडून दोन कुर्ते घ्यायच्या. पेपर तपासावेत तशा गंभीरपणे त्या कपडा तपासायच्या, शिवण ओढून बघायच्या, मग हळूच हसून म्हणायच्या, “पास.”

त्या जूनला त्या आल्या नाहीत. नंतर त्यांच्या बहिणीकडून कळलं. छातीत गाठ निघाली, गोव्याला ऑपरेशन झालं, डावा स्तन काढावा लागला. बहिणीने हे सांगताना आजूबाजूला कोणी नाही ना ते बघून घेतलं होतं. गाठ वेळेत सापडली, आता गोळ्या चालू राहतील, असं डॉक्टर म्हणाले होते. विश्रांतीसाठी बाई बहिणीकडेच राहिल्या होत्या. मी एकदा तांदळाची मऊ खिमटी घेऊन गेले तेव्हा त्या झोपल्या होत्या. भिंतीकडे तोंड करून.

त्या दुपारी पाऊस इतका होता की समोरच्या दुकानाची पाटी दिसत नव्हती. दारात कोणीतरी छत्री मिटायची खटपट करत होतं. एका हाताने ती मिटत नव्हती. मी पुढे होऊन घेतली तर बाई. बारीक झाल्या होत्या. बहिणीचा ढगळ गाउन घातलेला, वरून ओढणी, आणि काखेत कापडी पिशवी.

“नयना, येळ आसा मां गो तुका?”

“पावसात माझ्याकडे दुसरा काय असतला, बाई? बसा.”

त्यांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. आत सगळे माझ्याच दुकानातले कुर्ते होते. बदामी, राखाडी, मोतिया. धुऊन, इस्त्री करून आणलेले.

“ह्ये जरा सैल करून दी. नायच झाले तर कोणाक तरी देवन टाक.”

“होतले,” मी म्हटलं. पण हात लावताच कळलं होतं. माझे कुर्ते अंगाबरोबर बसायचे, छातीला टक्स घातलेले, तीच माझी ख्याती. आत सोडायला कापड नव्हतं.

तरी एक घालून बघायचं ठरलं. ट्रायल रूममध्ये मी आणि शीला दोघी त्यांच्याबरोबर गेलो. कुर्ता डोक्यावरून घालायचा. उजवा हात गेला. डावा हात खांद्याच्या वर जाईना. आम्ही अलगद ओढत होतो, त्या अलगद वाकत होत्या, आणि मध्येच डोकं आत, एक हात आत, अशा त्या कापडात अडकल्या. तोंड दिसत नव्हतं. आतून आवाज आला.

“ऱ्हवांदे गो.”

शीलाने एरवी काहीतरी विनोद केला असता. या वेळी नाही. तिने सरळ कात्री घेतली, बाजूची शिवण उसवली आणि कुर्ता खाली उतरवून दिला. बाई आरशासमोर उभ्या राहिल्या. बदामी कापड एका बाजूला भरलेलं होतं, दुसऱ्या बाजूला सपाट पडलं होतं, आणि खांद्यापासून तिरकी एक घडी त्या रिकाम्या जागेकडे जात होती. फिक्या कापडावर काही म्हणता काही लपत नाही. डाग नाही, सुरकुती नाही. इतकी वर्षं मी हे गिऱ्हाइकांना गुण म्हणून सांगितलं होतं.

बाई खुर्चीवर बसल्या. पागोळ्यांकडे बघत होत्या.

“शाळेत जावचा नाय म्हणतंय आता,” त्या म्हणाल्या. “नोकरी सोडूची.”

“बाई, अजून वर्षां आसत तुमची.”

“पोरांचा काय नाय गो. पोरां इचारतली, मी सांगान. मोठी माणसां वायट. तोंडाकडे बघून बोलणत नाय. हयसर बघतत, मगे चटकन खाली बघतत. बहिणीकडे येतत ती पण तशीच. रोज रोज ता माका नाय जमाचा.”

शीला उसवलेला कुर्ता मांडीवर घेऊन उगाचच दोरे काढत बसली. मी चहा केला. बाईंनी कप हातात घेतला आणि त्यांची नजर कोपऱ्यात गेली. पोपटी बाही पुन्हा बाहेर आली होती.

“ह्या काय?”

“कोल्हापूरच्या एका बाईन धाडल्यान. परत करूचा आसा, घाट बंद म्हणान रवला.”

“दाखय बघूया.”

“भडक आसा, बाई. तुमका नाय आवडाचा.”

“बघूक काय जाता?”

शीला उठली. तिने माझ्याकडे न बघता सुतळी सोडली आणि पोपटी कुर्ता उलगडून बाईंच्या मांडीवर ठेवला. कच्च्या कैरीच्या सालीसारखा हिरवा रंग, त्यावर केशरी आणि गुलाबी मोठी फुलं. खांद्याखालच्या पट्टीपासून चुण्या सुटलेल्या. आणि मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की तो पुढून उघडायचा होता. गळ्यापासून कमरेपर्यंत बटणं, एका उभ्या घडीखाली लपवलेली. काखेत भरपूर जागा. डोक्यावरून घालायचं कामच नव्हतं.

बाईंनी बसल्या जागी आधी डावा हात घातला, मग अंगाभोवतून आणून उजवा. बटणं त्यांनी स्वतः लावली. आम्हाला हात लावू दिला नाही. मग उठून आरशासमोर गेल्या.

“शीला, लाइट लाव गो.”

शीलाने सगळे दिवे लावले. चुण्या मोकळ्या पडल्या होत्या आणि फुलं इतकी दाट होती की नजर एका जागी ठरत नव्हती. एका फुलावरून दुसऱ्यावर, तिथून बाहीवर, तिथून वर चेहऱ्याकडे जात होती. बाई एका बाजूला वळल्या, दुसऱ्या बाजूला वळल्या. ओढणी खुर्चीवरच राहिली होती.

“आता बघूंदेत कोणाक बघूचा ता,” त्या म्हणाल्या. “ह्या फुलांत शोधूक त्यांका येळ लागतलो.”

आधी शीला हसली. मग मी. मग बाई हसायला लागल्या. हसताना आतून कुठे ओढ बसली असावी. त्यांनी हात छातीशी धरला आणि तसाच धरून हसत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी कुर्त्याची शिवण ओढून बघितली, नेहमीसारखी.

“पास,” म्हणाल्या. “दुसरो खंयचो आसा?”

बाई दोन कुर्ते घेऊन गेल्या. एक पोपटी, एक झेंडूच्या रंगाचा. पोपटी अंगावरच घालून गेल्या. पावसातून त्यांची छत्री दूर जाताना मी बघत होते. सगळा रस्ता करडा, भिंतींवर काळं शेवाळ, आणि त्या सगळ्यातून तो हिरवा ठिपका बहिणीच्या गल्लीत वळला. त्यानंतर शीलाने मला काही विचारलं नाही. तिने तो गठ्ठा पुरा उघडला, एकेक कुर्ता झटकला आणि दारासमोरच्या रॉडवरचे माझे राखाडी कुर्ते काढून तिथे हे टांगले. मी तिला थांबवलं नाही.

संध्याकाळी राजश्रीला फोन केला.

“परत पाठवताय होय?” तिने आधीच विचारलं.

“नाही. अजून हवेत. पुढून बटणांचे.”

मग तिला सगळं सांगितलं. पलीकडे मशीन चालू होतं, ते बंद झालं.

“ते पॅटर्न मी बाळंतिणींसाठी केलं होतं ओ ताई,” ती म्हणाली. “मला बाळ झालं तेव्हा अंगावर पाजायला एक कपडा धड मिळंना. म्हणून केलं. ह्याच्यासाठी पण चालेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.” तिने नाक ओढलं. “त्या बाईंना अजून काय काय लागतंय ते विचारून मला सांगा. आता बाकी काय बोलू नका. मला सुईत दोरा दिसंना झालाय.”

मे महिन्यात मला जी ढोल वाजवत आल्यासारखी वाटली होती, ती ही. माणसाचा आवाज मोठा आहे म्हणून त्याला हळुवार ऐकू येत नसेल, असं आपण उगाच धरून चालतो.

बाईंना काय लागत होतं ते त्यांनी विचार करून सांगितलं, शिक्षकासारखं. आतून डाव्या बाजूला एक मऊ कप्पा. त्यात ठेवायला त्यांनी सावरीच्या कापसाची एक हलकी उशी स्वतः शिवली होती. मिठबावच्या घरामागे सावरीचं झाड आहे. यासाठी बाजारात मिळते ती रबरी वस्तू गरम होते, रुतते, म्हणाल्या. आणि बाहेरून दोन खिसे. “खडू खंय ठेवू?” राजश्रीने तसे कुर्ते शिवून पाठवले. घाट तोवर सुरू झाला होता. तिला कळवायच्या गोष्टी मी बाईंना फोनवर विचारायचे आणि त्या निमित्ताने आम्ही रोजच बोलायला लागलो. भाजी काय केली, हात किती वर जातो, भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम आज कुठवर पोचला.

नारळी पौर्णिमा झाली. होड्यांवरचे झाप निघाले, माणसं समुद्राला नारळ देऊन आली, पाऊस मधून मधून उघडीप द्यायला लागला. एका सकाळी बाईंचा फोन आला.

“नयना, सोमवारी शाळेत जातंय. एस्टीत माझ्यावांगडा येशीत? नुसती बस. बोलूची गरज नाय.”

मी दुकान शीलावर टाकून गेले. आचऱ्यावरून गाडी पुढे निघाली तेव्हा ऊन पडलं होतं. बाई खिडकीशी, पोपटी कुर्त्यात, मांडीवर डबा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावणी होऊन गेलेली शेतं आणि त्यात तण बेणणाऱ्या बायका. डोक्यावरून प्लॅस्टिकच्या खोळी घेतलेल्या. निळ्या, पिवळ्या, गुलाबी. त्या हिरव्या चिखलात त्यांचे रंग इतके सुंदर दिसत होते की मी मान वळवून वळवून बघत राहिले. या बायका दर पावसात अशाच होत्या. माझ्याहून काळ्या, उन्हाने रापलेल्या, आणि हातात येईल तो रंग पांघरून कामाला लागलेल्या. त्यांना कोणी सोबर शिकवलं नव्हतं. मी मात्र दर पावसात याच रस्त्याने जाऊनही पाऊस करडा असतो असंच म्हणत आले होते.

शाळेच्या पडवीत मुलं प्रार्थनेला उभी होती. हेडमास्तर पुढे आले, चांगले गृहस्थ. “बाई, तुमची तब्येत...” असं म्हणून ते शब्द शोधायला लागले आणि त्यांची नजर खाली जमिनीवर गेली. बाई उभ्याच होत्या. मला वाटलं, आता त्या परत फिरतील. तेवढ्यात रांगेतून एक चिमुरडी आली आणि तिने कुर्त्याचं टोक ओढलं.

“बाई, ह्या फूल कसला?”

“तूच सांग.”

“जासवंदीचा.”

“नाय, सूर्यफुलाचा,” मागून एक मुलगा म्हणाला. रांग मोडली. कोणी म्हणे कमळ, कोणी म्हणे हे खरं फूलच नाही, छापलेलं आहे. एका मुलाने खाली वाकून बघितलं आणि सगळ्यांना सांगितलं, “बाईंच्या कपड्याक खिसो आसा.” ही बातमी फुलापेक्षा मोठी निघाली. सगळी पोरं खिसा बघायला पुढे आली. बाईंनी हेडमास्तरांच्या टेबलावरचा एक खडू घेतला, गंभीरपणे खिशात टाकला आणि म्हणाल्या, “चला, रांगेत.” हेडमास्तर हसले. त्यांना जे बोलायचं होतं त्याची गरज उरली नव्हती.

मी पडवीच्या टोकाशी उभी राहून प्रार्थना संपेपर्यंत ऐकत होते. परतीच्या एस्टीत खूप रडले. शेजारची बाई तिचा पिशवीतला पेरू मला देऊ लागली. मी घेतला.

त्या गणपतीला मी कणकवलीकडच्या आमच्या गावी आईकडे गेले ते झेंडूच्या रंगाचा कुर्ता घालून. बाईंच्या कुर्त्याचाच जोडीदार. त्याआधी दोनदा घालून काढून ठेवला होता, खोटं कशाला सांगू. आई ओसरीवर दूर्वा निवडत बसली होती. तिने मला बघितलं, जवळ बोलावलं, बाही दोन बोटांत धरून बघितली. ती काय बोलणार ते मला पाठ होतं. तिने बाही सोडली नाही.

“माका कोणी सांगलाच नाय,” ती म्हणाली, “असा पण घालूक जमता म्हणान.”

तिच्या अंगावर फिकट राखाडी पातळ होतं. जन्मभर तसलंच होतं. मी तिच्याकडे बघितलं आणि माझ्याएवढीच काळी असलेली एक मुलगी मला दिसली, जिच्या केसांना कोणीतरी तेल लावत होतं. दिवाळीला मी तिच्यासाठी शेंदरी काठाचं हिरवं पातळ नेलं. तिने कुरकुर न करता नेसलं आणि शेजारणीकडे हळद मागायला म्हणून निघाली. घरात हळद भरपूर होती.

वासंती बाई आता निवृत्त झाल्या आहेत. तपासण्या होतात, रिपोर्ट चांगले येतात, आणि रिपोर्ट आला की त्या मला फोन करून एकच शब्द सांगतात. कोणता ते सांगायला नको. राजश्री दर मोसमात माल पाठवते आणि त्यात पुढच्या बटणांचे कुर्ते असतातच. विकत घेणाऱ्या बाळंतिणी असतात, सांधे धरलेल्या आजीबाई असतात, नुसत्या हौशी मुलीही असतात. माझे बदामी, मोतिया कुर्ते अजून आहेत. ते मला आवडतातच. फक्त आता ते दुसऱ्या भिंतीला असतात आणि कोणाला काय शोभेल हे मी सांगत नाही, विचारते. या सगळ्याबद्दल आभार मानायचे तर कोणाकोणाचे मानू? त्या दरडीचे मानावेत की ‘बघू’ या शब्दाचे? शिवण उसवणाऱ्या शीलाचे तर मानलेच पाहिजेत, पण तिला ते आवडणार नाही.

गेल्या आठवड्यात असाच मुसळधार पाऊस असताना एक बाई दुकानात आल्या. चाळिशीच्या असतील. खारेपाटणहून आल्या होत्या. बरोबर नवरा होता, तो आत आला नाही. वळचणीला छत्री उघडी धरून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

“मिठबावच्या वासंती बायनी धाडल्यानी माका,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी ओढणी छातीवर घट्ट ओढून घेतली.

“बरां केल्यानी,” मी म्हटलं. “बसा. आधी चाय घेवया.”

त्यांनी चहा घेतला. शीलाने पंखा कमी केला. मग रॉडकडे बघत त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, “माका लाल बरो दिसात?”

मी रॉडवरचा सगळ्यात लाल कुर्ता काढून दिला. त्या आत गेल्या, पडदा ओढला. पाऊस पडत होता. मग पडद्याआडून त्यांनी हाक मारली.

“तेंका जरा आत बोलवशात?”

मी दारात जाऊन त्यांच्या नवऱ्याला सांगितलं. त्याने छत्री मिटली, पाय पुसले, आणि तो बावरून आत आला. त्याच्यामागे दार लोटून घेऊन मी आणि शीला बाहेर पागोळ्यांखाली जाऊन उभ्या राहिलो.